गोळी बरोबर, वेळ चूक : रामटेकडीच्या एका लाइनवरचं प्रकरण

गौरी-विसर्जनाला आठ दिवस झाले होते. सकाळी साडेनऊला तीन नंबर लाइनवरून फोन आला की एक बाई बोर्डासमोर उभ्या उभ्या खाली बसल्यात, उठवलं तर उठत नाहीत. मी पोचले तेव्हा दोघीतिघींनी त्यांना पुठ्ठ्यावर आडवं केलं होतं. ओठ पांढरे, नाडी जलद. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, यांचं नेहमीचं आहे. पोटात दुखतं म्हणून सारखा गेटपास मागतात."

हडपसरजवळच्या रामटेकडी औद्योगिक वसाहतीत गाड्यांच्या वायर-हार्नेसचं, म्हणजे बोर्डावर तारांचे जुडगे बांधण्याचं काम करणारा हा मध्यम आकाराचा कारखाना. तिथल्या दवाखान्यात मी आठवड्यातून तीन सकाळी बसते. एका पाळीत नव्वदेक बायका असतात, बहुतेक कंत्राटी. सहा ते दोन आणि दोन ते दहा अशा शिफ्ट दर आठवड्याला बदलतात. ज्यांची ही गोष्ट आहे त्या ३६ वर्षांच्या, मूळच्या बीड जिल्ह्यातल्या, आता फुरसुंगीला राहतात. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं आणि त्यांच्या होकारानंतरच इथे मांडते आहे.

"पोटात दुखतं"

मागच्या पाच महिन्यांतले त्यांचे गेटपास काढून पाहिले. सात होते, आणि सातही वेळा कारण एकच, पोटदुखी. लाइनवर याचा अर्थ ठरलेला होता : कामचुकारपणा. कंत्राटदाराने त्यांना दिवाळीनंतर थांबवायचं ठरवलंही होतं.

मराठीत पोट हा शब्द फार मोठा आहे. आतडी पोटात, गर्भाशय पोटात, जळजळ पोटात, बाळही पोटातच. सुपरवायझर पुरुष असेल तर पाळीचं दुखणंसुद्धा बाई "पोट"च सांगते. "अंगावरून जातंय" या शब्दांचंही तसंच. कुणी पांढरं जाण्याला तसं म्हणतं, कुणी जास्त रक्तस्रावाला. या बाई मागे दोनदा दवाखान्यात आल्या होत्या, तेव्हाच्या माझ्या कागदावर "अंगावरून जाते" एवढंच लिहिलेलं सापडलं आणि पुढे योनिमार्गाच्या जंतुसंसर्गाच्या गोळ्या. लाल की पांढरं हे मी विचारलंच नव्हतं. ही चूक माझी होती आणि त्यांना तिची किंमत चार महिने मोजावी लागली.

या वेळी त्यांना तास दीड तास निवांत बसवलं. पाळी बावीस-तेवीस दिवसांनी, नऊ-दहा दिवस चालणारी. पहिले तीन दिवस दोन दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, रक्ताच्या गाठी पडतात. संडासला तीन-चार दिवसांनी, तेही कुंथून. पोट फुगलेलं, गॅस धरलेला. पाळीच्या आधीचा आठवडा सगळ्यात वाईट आणि पाळीच्या पहिल्या दिवशी उलट जुलाब. हे ऐकून त्यांना आजवर दोन जणांनी "मनाचं आहे" असं सांगितलेलं. मनाचं अजिबात नाही. पाळीआधी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेलं असतं, त्याने आतड्यांची हालचाल मंदावते. पाळी सुरू होताना गर्भाशय आकुंचन पावावं म्हणून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, आणि शेजारी असलेल्या आतड्यालाही ती ढवळतात. म्हणून पहिल्या दिवशी पोट सुटतं. हे समजल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे दोन्ही दुखणी एकच हाय व्हय."

तपासणीत हिमोग्लोबिन ८.१ निघालं. गरोदर नसलेल्या स्त्रीला ते किमान १२ हवं. थायरॉईडची टीएसएच तपासणी १८ आली, साधारण ४ च्या आत असायला हवी; ती वाढली म्हणजे थायरॉईड मंद. गंमत नव्हे, काळजीची बाब ही की त्यांना थायरॉईडची गोळी दोन वर्षांपासून चालू होती, रक्तवाढीची आठ महिन्यांपासून, आणि त्या दोन्ही घेतही होत्या.

पिशवीतल्या चार पुड्या

मी त्यांना सगळ्या गोळ्या घेऊन यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. थायरॉईडची बाटली, लोहाच्या गोळ्या, पित्ताची गोळी, आणि एक रिकामी पट्टी : नॉरएथिस्टेरॉन. पाळी पुढे ढकलायची गोळी.

ती गौरींसाठी घेतली होती. घरात खड्याच्या गौरी, सासूबाई थकलेल्या, सगळं यांच्यावर. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिली. दिवसातून तीनदा, दहा दिवस. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते आणि आधीच जास्त जाणारीला ती जोराची येऊ शकते. यांना तशीच आली, आणि त्याच आठवड्यात दिवाळीआधीच्या ऑर्डरीसाठी ओव्हरटाइम लागला. त्या सकाळी त्या खाली बसल्या, त्याच्या मागे एवढं सगळं होतं. भाद्रपद आणि अश्विन हे दोन महिने पुण्यातल्या मेडिकलमध्ये या गोळीचे. एखादीला एखाद्या वेळी डॉक्टरांना विचारून घ्यायला हरकत नसते. पण रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा यकृताचा त्रास असलेल्या बाईने ती परस्पर घेणं धोक्याचं, आणि काउंटरवर हे कुणी विचारत नाही.

बाकीच्या तीन गोळ्यांचं उत्तर मला त्यांच्या दिवसात सापडलं. मी विचारलं, "गोळ्या कधी घेता?"

"पहाटे चारला उठते. डबे, पाणी भरायचं. सव्वापाचला गाडी. इथं आले की आठच्या चहाबरोबर घेते सगळ्या. एकदम. परत इसरायला नको."

थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर घ्यायची असते. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर चहा-दूध-नाश्ता नको. लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब हवी, कारण लोह तिला आतड्यातच बांधून ठेवतं आणि ती रक्तात उतरत नाही. चहा लोहाला अडवतो. पित्ताची गोळी जठरातलं आम्ल कमी करते, आणि थायरॉईडची गोळी व लोह या दोघांनाही शोषलं जाण्यासाठी ते आम्ल लागतं. म्हणजे आठ वाजताच्या त्या एका घोटात चारही गोष्टी एकमेकींचं काम बिघडवत होत्या. दोन ते दहाच्या आठवड्यात गोळ्या कधी सकाळी अकराला, कधी राहूनच जायच्या.

आता हे चक्र पहा. थायरॉईड मंद, म्हणून बद्धकोष्ठ आणि पाळीत जास्त स्राव. स्राव जास्त, म्हणून रक्त कमी. रक्त कमी, म्हणून लोहाची गोळी. ती बद्धकोष्ठ वाढवते, संडास काळी होते, म्हणून भीती वाटून मधेमधे बंद. उपाशीपोटी चहावर चहा, म्हणून जळजळ. जळजळ म्हणून पित्ताची गोळी, तिच्यामुळे बाकीच्या दोन निकामी. तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी आपापल्या परीने बरोबर गोळ्या दिल्या होत्या. त्यांचं घड्याळ कुणी विचारलं नव्हतं, आणि ते घड्याळ कारखान्याचं होतं.

"काढून टाका"

याच काळात त्यांच्या भागातल्या एका खासगी दवाखान्यात त्यांना सांगितलं गेलं होतं की गर्भपिशवीत गाठ आहे, मुलं झालीत, पिशवी काढून टाका. पैशांची जुळवाजुळव सुरू झालीही होती.

बीडच्या बाईला हे वाक्य नवं नाही. त्यांच्या आईची पिशवी तिशीतच काढलेली. त्या ऊसतोडीला जायच्या, फडात आडोसा नाही, पाणी नाही, खाडा झाला तर दंड. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची माहिती गोळा केली तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. आई फडात होती, लेक पत्र्याच्या शेडखाली पंख्याच्या वाऱ्यात उभी आहे, पण "बाथरूमला जायचं" हे विचारून घ्यावं लागतंच. पिशवी काढण्याचा सल्ला इतक्या सहज का दिला जातो, याचा मला मनापासून राग येतो. अंडाशयं ठेवली तरी कधी कधी त्यांचं काम लवकर मंदावतं, आणि ३६ व्या वर्षी ही किंमत लहान नाही. खरोखर गरज असते तिथे ही शस्त्रक्रिया जीव वाचवते. पण आधी बाकीचं करून पाहिलेलं असावं.

त्यांच्या पगारातून दरमहा ईएसआयसीचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे ०.७५ टक्के कापले जात होते, कंपनीचे ३.२५ टक्के भरले जात होते. कार्ड कंत्राटदाराच्या ड्रॉवरमध्ये. ते काढून घेतलं आणि त्यांना बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात पाठवलं. सोनोग्राफीत दोन सेंटिमीटरची छोटी गाठ दिसली, अस्तर व्यवस्थित. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेची गरज नसल्याचं लिहून दिलं. आधी थायरॉईड आणि रक्त सुधारा, पाळीच्या जड दिवसांत रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झामिक अॅसिड द्या, पुढे पाहू. आजारपणाच्या रजेत ७० टक्के वेतन मिळतं, तेही त्यांना प्रथमच कळलं. दहा दिवस त्या घरी राहिल्या.

गोळ्यांचं वेळापत्रक आम्ही दोघींनी मिळून बसवलं. थायरॉईडची गोळी रात्री झोपताना, शेवटच्या घासानंतर तीन तासांनी. सकाळच्या शिफ्टच्या आठवड्यात जेवण सातला, गोळी दहाला. दोन ते दहाच्या आठवड्यात जेवण कॅन्टीनमध्ये साडेसहाला, घरी पोचून अकराला गोळी, मधे काही नाही. हे त्यांना जड गेलं. रात्री आल्यावर नवऱ्याबरोबर चार घास खायचे आणि दिवसभराचं बोलायचं, तेवढीच त्या दोघांची वेळ. मग बोलणं ठेवलं, घास सोडले. लोह एक दिवसाआड, जेवणाच्या सुट्टीत, लिंबू पिळून, पुढे दोन तास चहा नाही. एक दिवसाआड घेतलेलं लोह बऱ्याचदा जास्त चांगलं शोषलं जातं आणि पोटालाही सोसतं. पित्ताची गोळी हळूहळू बंद.

दहा मिनिटं

इथपर्यंत सगळं औषधांचं होतं. बद्धकोष्ठ मात्र गोळीने सुटणारं नव्हतं, आणि त्याचं कारण मी लाइनवर उभी राहिले तेव्हा कळलं.

पोटात चहा-नाश्ता गेला की मोठं आतडं हलतं आणि संडासची भावना होते. हे निसर्गाचंच घड्याळ आहे. पहाटे चारला उठून सव्वापाचला गाडी पकडणाऱ्या बाईला ते घरी होत नाही. भावना येते आठच्या चहानंतर, आणि चहाची सुट्टी दहा मिनिटांची, त्यात सगळ्या लाइन एकदम सुटणार. बायकांसाठी तीन शौचकूप. एकात बादल्या आणि झाडू ठेवलेले, एकाची कडी तुटलेली. म्हणजे नव्वद बायकांना धड एक. तेव्हा या कारखान्याला लागू असलेल्या नियमांप्रमाणे दर २५ बायकांमागे एक हवा. सुट्टीबाहेर जायचं तर लाइन लीडरकडचं टोकन घ्यायचं. एका लाइनला टोकन एकच. पाळीच्या जड दिवसांत कुणाला दोन तासांनी जावं लागलं की मागच्या सगळ्या ताटकळत.

मग बायकांनी उपाय शोधलेला होता. पाणी प्यायचंच नाही. या बाईंची अर्ध्या लिटरची बाटली संध्याकाळी निम्मी घरी जायची. दाबून ठेवलेली भावना काही आठवड्यांत येईनाशी होते, मळ कोरडा पडतो, आणि पाणी न पिता इसबगोल घेतलं तर ते आणखीच अडतं. सोमवार-चतुर्थीला साबुदाणा, त्या दिवशी तर चोथा शून्य.

मी प्लँट मॅनेजरांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, हे मला मुद्दाम लिहायचंय. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "एकीला सवलत दिली तर उद्या सगळ्या मागतील." मी म्हटलं, "सगळ्यांनाच लागते आहे, सर. या एकट्याच खाली बसल्या, एवढंच." त्यांना कायद्यापेक्षा एक गोष्ट जास्त पटली. त्यांना मी आठ वाजता शौचालयाच्या रांगेशेजारी दहा मिनिटं उभं राहायला सांगितलं. ते राहिले. परत येताना काही बोलले नाहीत, पण दुपारी मेंटेनन्सचा माणूस कडी बसवायला आला.

पुढचं सरळ झालं असं नाही. पहिल्या आठवड्यात एचआरने आरोग्य व्याख्यान ठेवलं, पडदा-प्रोजेक्टर लावून. दोन वाजता शिफ्ट सुटल्यावर. हिरव्या भाज्या खा, भरपूर पाणी प्या. बायकांची गाडी चुकली आणि "पाणी प्या" ऐकताना त्या एकमेकींकडे बघत होत्या. बोलणारी मीच होते. तसलं व्याख्यान मी परत दिलं नाही.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. एका सुपरवायझरने चांगल्या हेतूने वही काढली आणि प्रत्येकीच्या पाळीची तारीख लिहायला घेतली, म्हणजे त्या दिवशी हलकं काम देता येईल. आठवड्याभरात बायकांनी खोट्या तारखा सांगायला सुरुवात केली. एकीला वाटलं, तारीख चुकली तर गरोदर आहे समजून काढतील. दुसरीला लाज. ती वही मी मागून घेतली आणि फाडली. तेव्हापासून गेटपासवर कारणाच्या जागी फक्त "वैद्यकीय" लिहायचं, आणि आजाराचे कागद दवाखान्याच्या कपाटात, किल्ली माझ्याकडे.

जे टिकलं ते साधं होतं. चहाची सुट्टी सगळ्या लाइनना एकदम न देता पाळीपाळीने, आणि दहाऐवजी पंधरा मिनिटांची. टोकन बंद. दोन लाइनमध्ये मिळून एक रिलीव्हर, म्हणजे सगळे बोर्ड येणारी एक अनुभवी बाई. कुणी गेलं की ती उभी राहते, जाणारीने कुणाला विचारायचं नाही, फक्त हात वर करायचा. यावर सुरुवातीला खर्चाची कुरकूर झाली. मग एका लाइन लीडरनेच सांगितलं की घाईने पळत जाऊन आलेल्या बायकांकडून पिना उलट्या बसायच्या, ते आता कमी झालंय. पाण्याचा जार सुपरवायझरच्या टेबलाजवळ होता, तिथे जायचं म्हणजे त्यांच्या समोरून जायचं. तो लाइनच्या मधोमध आणला. मला वाटतं, सगळ्या बदलांत कमी खर्चाचा आणि जास्त गुणाचा हाच.

शौचालयात झाकणाची बादली, साबण, एप्रन अडकवायला खुंटी. वापरलेली पॅड कुठे जातात हा प्रश्न कुणीच विचारत नाही, म्हणून मी विचारला. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांच्या 'स्वच्छ' संस्थेने लाल ठिपक्याची मोहीम चालवली आहे : पॅड कागदात गुंडाळायचं, वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे वेगळा करणाऱ्या हाताला उघडावं लागत नाही. आम्ही शौचालयात जुनी वर्तमानपत्रं आणि दोरीला बांधलेलं लाल पेन ठेवलं. कॅन्टीनवाल्याने आठवड्यातून तीनदा फरसाणाऐवजी मटकीची उसळ द्यायचं कबूल केलं. भाकरी मात्र त्याला परवडली नाही. ज्यांना हवी त्या घरून आणतात.

पाळीची रजा द्यावी का, हेही बोलणं निघालं. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस मिळतात. मी रजेच्या बाजूची आहे. पण इथल्या बायकांना विचारलं तेव्हा बहुतेकींनी आधी पाणी आणि संडास मागितला. कंत्राटीला रजा म्हणजे खाडा, हे त्यांना पक्कं माहीत आहे. पगारी रजा कंत्राटीलाही लागू होणार असेल तरच तिला अर्थ आहे, असं माझं मत झालं.

आज

सात आठवड्यांनी टीएसएच १८ वरून ७ वर आली, गोळीचा डोस न वाढवता, निव्वळ वेळ बदलून. पुढच्या तपासणीत ४.६. फाल्गुनात हिमोग्लोबिन ११.२ होतं. १२ ला अजून पोचलेलं नाही. पाळी सहा दिवसांवर आली, गाठी कमी. संडास बहुतेक दिवशी सकाळच्या चहानंतर. दोन ते दहाच्या आठवड्यात अजूनही बिघडतं, आणि दर आठवड्याला शिफ्ट बदलण्याऐवजी महिन्याने बदलावी ही माझी मागणी अजून मान्य झालेली नाही. चौथा शौचकूपही कागदावरच आहे. गर्भाशयातली गाठ सहा महिन्यांनी परत पाहिली, तेवढीच आहे. कंत्राटदाराने त्यांना थांबवलं नाही. आता दोन लाइनच्या रिलीव्हर त्याच आहेत.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या दर शंभरपैकी ५४ स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नोंदलंय. या प्रकरणानंतर मी त्या कारखान्यातल्या सगळ्या बायकांचं हिमोग्लोबिन तपासायला घेतलं. ते काम अजून चालू आहे, कारण दोन ते दहावाल्यांना सकाळी बोलावायचं म्हणजे त्यांची झोप मोडायची.

या श्रावणात त्या एका सकाळी दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या. मागे बावीस-तेवीस वर्षांची एक नवीन मुलगी, ओढणीचं टोक तोंडाशी धरून. मला वाटलं गौरींच्या गोळीचं विचारायला आल्यात. ते त्यांनी आधीच ठरवलं होतं : यंदा खडे जाऊबाई आणणार.

"मॅडम, हिच्या अंगावरून जातंय," त्या म्हणाल्या. "लाल का पांढरं ते मी इचारून आणलंय. लाल. अकरा दिस झालं. आन् गोळ्या कंच्या, कवा घेती, ते बी लिवून आणलंय." त्यांनी वहीचं एक पान माझ्यापुढे ठेवलं. वरच्या ओळीत शिफ्टच्या वेळा होत्या, खाली गोळ्यांची नावं.